मशीनवरची सान

आमच्या मोहल्ल्यात शिलाई मशीन नाही असे घर सहसा सापडायचे नाही. जहेजमध्ये पलंग आणि कपाट नंतर आले, मशीन त्याच्या आधीपासून होती. मुलगी सहावी-सातवीत गेली की तिला कोणाच्या तरी घरी शिलाई शिकायला बसवत. मोठ्या बायांचे साधे गणित होते. शिक्षण सुटले, नवऱ्याचा लूम बंद पडला, तलाक झाला, बेवापण आले, तरी मशीन असेल तर पोरगी उपाशी मरणार नाही. धुळ्यात असो की जळगावात, या गणितावर कितीतरी घरे उभी राहिली. आमचे घर त्यांतलेच एक.

मशीनचे कौतुक पुष्कळांनी केले. गांधीजींनीसुद्धा १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानले होते. बायकोचे हातशिलाईचे कष्ट वाचावेत या मायेतून ते यंत्र निघाले, असे त्यांना वाटत होते. पण मशीन ही अर्धीच गोष्ट आहे. तिच्या आधी कात्री चालावी लागते. मशीन कुरकुरली तर तिला दोन थेंब तेल पुरते. कात्रीचे तेलावर भागत नाही, तिला धार लागते. आणि धार घरात नसते. ती बाहेर, बाजारात, पुरुषांच्या हातात असते. आमच्या घरात ती आत कशी आली आणि आल्यावर काय काय झाले, ते सांगावेसे वाटते.

आम्ही तिघी बहिणी आणि अम्मी, चौघींचे हात एका मशीनभोवती. व्यापाऱ्याकडून कापडाचे गठ्ठे यायचे. पेटीकोट, पायजमे, जूनच्या आधी शाळेचे गणवेश, रमजानच्या आधी बुरखे. मजुरी डझनावर. डझनाला किती वेळ लागला हे कोणी विचारत नाही. म्हणजे बोथट कात्रीचे पैसे आमच्याच खिशातून जायचे. धार असलेली कात्री सुती कापडाचे चार थर एका दमात कापते. धार गेली की दोन थरांवर येते, मग एकावर. कापड पात्यांमध्ये दुमडते, कात्री कापायच्या ऐवजी चावते. बुरख्याचे नायलॉन आणि जॉर्जेट तर निसटतेच, खालचा थर वरच्यापेक्षा बोटभर आत जातो. असा तुकडा गेला की त्याचे पैसे मजुरीतून कापले जायचे. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडायचा तो वेगळाच. हा घट्टा आमच्या तिघींच्याही हातावर अजून आहे.

धार लावून आणायची तर बाजारात जावे लागे. अब्बा सकाळी लूमवर गेले की रात्री यायचे. भाऊ लहान. अम्मी कारणाशिवाय बाजारात जात नसे, आणि कात्रीची धार हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण वाटत नसे. मग वाट पाहायची ती शिकलगार चाचांची.

ते पंधरा-वीस दिवसांतून एकदा यायचे. सायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाला पट्टा जोडलेला, पट्ट्यावर सान. ते सीटवर बसून पायडल मारायचे आणि हँडलच्या पुढे बसवलेल्या दगडावर सुरी धरायचे. ठिणग्या उडायच्या, पोरे गोळा व्हायची. त्यांचे वडील म्हणे लाकडी घोडी खांद्यावर घेऊन फिरायचे आणि पायाने चाक फिरवायचे. चाचा पात्याला नखावर टेकवून धार बघायचे. नखावरून सुरी घसरली तर धार नाही, अडकली तर आहे. ही परीक्षा आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

शिकलगार हा शब्द कुठून आला हे आम्हांला फार उशिरा कळले. मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे चकाकी देणे, जिल्हई करणे. त्याला फारसी 'गर' लागला, सैकलगर झाला, मराठीत येता येता शिकलगार. फौजांमध्ये तलवारी, भाले, कट्यारी घासून लखलखीत ठेवणारा तो हा माणूस. खानदेशात फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत राज्य केले. त्यांच्या जुन्या कबरी शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला आजही उभ्या आहेत. पुढे अकबराने असीरगड घेतला, मोगल आले, मराठे आले. राजे बदलले तरी प्रत्येक फौजेला तलवारीची धार लागतच होती. मग इंग्रज आले. १८७८ चा शस्त्र कायदा आला. हत्यारे परवान्याखाली गेली आणि तलवारीची धार लावणारा माणूस विळी, अडकित्ता आणि कात्रीवर आला. फौजेचा कारागीर गल्लीतला फेरीवाला झाला.

फारसी-उर्दूत 'सैकल' हा मोठ्या इज्जतीचा शब्द आहे. दिलाच्या आरशावरचा गंज घासून काढणे याला सूफी सैकल म्हणतात. मौलाना रूमींच्या मसनवीत चिनी आणि रूमी चित्रकारांची गोष्ट आहे. चिनी कारागीर भिंतीवर रंगीत चित्र काढतात. रूमी नुसती समोरची भिंत घासत बसतात, आणि पडदा बाजूला होताच ते सगळे चित्र त्या घासलेल्या भिंतीत जास्त सुंदर होऊन उतरते. ही गोष्ट मजलिशीत ऐकून माना डोलावणारे लोक आम्ही पाहिले. तेच लोक दारात आलेल्या शिकलगाराला ओट्यावर बसवत नसत. त्याच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा असे. आमच्यात जातपात नाही असे आपण स्टेजवरून सांगतो. मग तो वेगळा पेला कोणाचा होता? सय्यद, शेख, पठाण एकीकडे आणि शिकलगार, पिंजारी, बागवान, कसाई, फकीर दुसरीकडे, ही वाटणी नमाजच्या सफमध्ये दिसत नाही, पण रिश्ता जुळवताना दिसते. मुस्लिम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली आणि १९९४ साली सरकारने मुसलमानांमधल्या या जमातींना ओबीसी दाखले देण्याचा निर्णय काढला, तेव्हा कुठे हे बोलायला शब्द मिळाले. चाचांच्या धाकट्या मुलाला पुढे तो दाखला मिळाला. वेगळा पेला मात्र कोणत्याही कागदाने उचलला जात नाही, तो घरातल्या बायकांनाच उचलावा लागतो. आमच्या घरी तो अम्मीने उचलला. दादी काही दिवस बोलली नाही, मग बोलू लागली.

मशीनवरची सान आमच्याकडे १९९६ च्या उन्हाळ्यात आली. मामू जळगावला अजिंठा रोडच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचे. अम्मी माहेरी गेली असताना तिने कात्रीचे रडगाणे सांगितले. मामूंनी मशीनचे माप मागवले आणि पुढच्या खेपेला जळगाव-धुळे एसटीने स्वतः आले. एरंडोल, पारोळा करत ९० किलोमीटरच्या आसपासचा तो रस्ता, मे महिन्याचे ऊन, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोखंडी वस्तू. नानीला वाटले मिठाई आहे.

वस्तू अगदी साधी. काळ्या मशीनच्या हातचाकामागे एक स्क्रूचे भोक असते. पुढे लोक तिथे मोटर बसवू लागले, आमच्याकडे ते रिकामेच होते. तिथे मामूंनी एक पट्टी बसवली. पट्टीवर बुशमध्ये फिरणारी बोटभर दांडी. दांडीच्या एका टोकाला रबराचा कडा, तो हातचाकाला टेकतो. दुसऱ्या टोकाला छोटा गोल दगड. बॉबिन भरायची युक्ती तीच इथे. हातचाकाच्या मधली चकती सैल केली की सुई थांबते आणि चाक मोकळे फिरते. पायटा एकदा खाली-वर झाला की खालचे मोठे चाक एक फेरा घेते, तेवढ्यात हातचाक तीन-चार फेरे घेते, आणि रबराचा कडा हातचाकापेक्षा पुष्कळ लहान असल्याने दगड त्याच्याही कितीतरी पट पळतो. जुन्या काळी परदेशातही पायमशीनला सान जोडायची साधने निघाली होती. मामूंनी ती पाहिली नव्हती. गरज सारखी असली की जळगावच्या लेथवर आणि परदेशातल्या कारखान्यात एकच वस्तू निघते.

दगडाचीही एक कथा आहे. आपल्याकडे पूर्वी सानेसाठी कुरुंद वापरत. कुरुंदाची भुकटी लाखेत मिसळून चाक बनवायचे. इंग्रजीतले 'कोरंडम' हे नावच मुळी आपल्या दक्षिणेतल्या 'कुरुंदम' या शब्दावरून गेले. १८९१ साली अमेरिकेत ॲचिसन नावाच्या माणसाला विजेच्या भट्टीत माती आणि कोळशापासून एक कठीण पदार्थ सापडला, त्याला त्याने कार्बोरंडम म्हटले. तेव्हापासून सानेचा दगड कारखान्यात बनू लागला. आमचा दगड असाच, हिरवट-राखाडी.

दगड आला म्हणून धार येत नाही. पहिले पंधरा दिवस मामूंनी आणि नंतर चाचांनी शिकवले तेव्हा हात बसला. कात्रीची दोन पाती एकमेकींना पूर्ण चिकटलेली नसतात. मिटलेली कात्री उजेडाकडे धरा, मध्ये बारीक फट दिसेल. कापताना ती एका वेळी एकाच ठिकाणी टेकतात आणि ते टेकणे मुळापासून टोकाकडे सरकत जाते. म्हणून आतली सपाट बाजू दगडाला कधी लावायची नाही. ती घासली की फट बिघडते आणि कात्री कायमची जाते. घासायचा तो बाहेरचा तिरपा काठ, ज्या कोनात कारखान्याने दिला त्याच कोनात, मुळापासून टोकापर्यंत एकसारखा, मध्ये न थांबता. थांबलो की तिथे खड्डा पडतो. पाते तापू द्यायचे नाही. वाटीत पाणी ठेवायचे आणि प्रत्येक खेपेला बुडवायचे. पाते निळे पडले की पोलाद मऊ झाले समजावे, मग त्यावर धार टिकत नाही. शेवटी काठावर बारीक कूस येते, ती कात्री दोन-चार वेळा हलके मिटून आणि चामड्यावर पुसून काढायची.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, मशीन झाकायची. दगडाची धूळ म्हणजे कुरुंदाचीच जात. ती तेलात बसली की तेल हेच सानेचे पाणी होते आणि मशीनचे बुश आतून झिजत जातात. बरेच मास्टर दर्जी मशीनवर सान बसवायला नाही म्हणतात ते याच कारणाने, आणि ते चूक नाहीत. अम्मीने जुन्या पेटीकोटाचे एक झबले शिवले. धार लावायच्या वेळी मशीनची मान, सुईची बाजू आणि तेलाची भोके त्यात गुंडाळायची, नंतर ओल्या फडक्याने पुसायचे आणि मगच झबले काढायचे. ती मशीन अजून चालते.

आमची मोठी कात्री मेरठची. तिथले मुस्लिम कारागीर पिढ्यान्‌पिढ्या भंगारातल्या पोलादापासून कात्र्या घडवत आले. २०१३ साली मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. या कात्रीचे मोठे सुख हे की ती उघडता येते, घासता येते, पुन्हा बसवता येते. ती फेकून देण्यासाठी बनवलेलीच नाही.

धार घरात आली आणि घर थोडे बदलले. आधी अम्मी काम घेताना व्यापाऱ्याला म्हणायची, "बघते." आता ती तारीख सांगू लागली. कापणी चार थरांवर आली. गल्लीतल्या बायका कात्र्या घेऊन येऊ लागल्या. मागच्या आळीतली शिंपीण यायची, दारातूनच अहिराणीत हाक मारायची, "काय करी ऱ्हायनी व माय?" आणि पदराखालून कात्री काढायची. तिच्या नवऱ्याचे दुकान होते, पण धार लावायचे पैसे तिला त्याच्याकडून मागावे लागत. अम्मीकडे ती भाजी देऊन धार घेऊन जायची. बाजारात न जाता, कोणाकडे पैसे न मागता आपल्या हत्याराला आपणच धार लावणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्या बाईने कधी बोथट कात्रीने बुरखा कापला आहे तिलाच कळेल.

पण मग चाचांचे काय? हा प्रश्न आम्हांला पहिल्या दिवसापासून टोचत होता. आमच्या गल्लीतल्या दहा-बारा कात्र्या म्हणजे त्यांची एका फेरीची कमाई. ते आले तेव्हा अम्मीने लपवले नाही, मशीन दाखवली. त्यांनी दगडावरून बोट फिरवले, रबर दाबून पाहिले, मामूंच्या कामाची तारीफ केली. मग आमची कात्री उजेडाकडे धरून म्हणाले, "रोज की धार तुमारी बेटी, साल की धार मेरी." म्हणजे काठ तुम्ही घासा, पण रिबीट ढिली झाली, पाती वाकली, फट गेली, की कात्री माझ्याकडे द्या. हा करार आम्ही शेवटपर्यंत पाळला. गल्लीतल्या बायकांनाही सांगितले. बकरीदच्या आधी सुऱ्या त्यांच्याचकडे जायच्या. जनावराला त्रास होऊ नये म्हणून जिबह करण्याआधी सुरी नीट धारदार करावी, अशी हदीस आहे. चाचा ती सांगून सांगून धार लावायचे आणि त्या आठवड्यात त्यांचा घसा आणि सायकल दोन्ही थकायचे.

चाचांचा धंदा आमच्या सानेने बुडाला नाही. तो दुसऱ्याच गोष्टीने बुडाला. वीस-तीस रुपयांची, प्लास्टिकच्या मुठीची, उघडता न येणारी कात्री बाजारात आली. धार लावायच्या पैशात नवी येऊ लागली तर धार कोण लावणार? चाचांच्या एका मुलाने रिक्षा घेतली, दुसरा सुरतेला गेला. २०२३ साली केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना काढली. त्यात १८ व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. यादीत दर्जी आहे, लोहार आहे, शस्त्र बनवणाराही आहे. धार लावणारा नाही. ज्याने सगळ्यांच्या अवजारांना धार लावली त्याच्या अवजाराला यादीत जागा मिळाली नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार बराच केला, पण सानेबद्दल लिहायचे आणि ती टाळायची हे खरे होणार नाही. धुळ्याने २००८ साली दंगल पाहिली. ६ जानेवारी २०१३ ला पुन्हा पाहिली, त्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. मग संचारबंदी. घरात शिलाईचे काम पडलेले, कात्री बोथट, बाहेर सगळे सुनसान. धाकटी मशीनवर सान चढवायला उठली तेव्हा दादीने तिचा हात धरला. "आवाज जाएगा बाहर," एवढेच म्हणाली. लोखंड दगडावर घासल्याचा तो आवाज, जो एरवी गल्लीत पोरांचा खेळ होता, त्या दिवसांत मुसलमानाच्या घरातून बाहेर गेला तर त्याचा अर्थ काय लागेल हे दादीला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही त्या आठवड्यात बोथट कात्रीने कापत राहिलो. केंद्राच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते परवान्याखाली येते, आणि घरकाम, शेती, उद्योग यांची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. कायद्याला विळी आणि तलवार यांतला फरक कळतो. अफवेला कळत नाही. कायद्याने दिलेली ही सूट माणसाच्या मनात उतरायला किती वर्षे लागतील?

गल्ली पुन्हा उघडली तेव्हा सर्वांत आधी कात्री घेऊन आली ती मागच्या आळीतली शिंपीण. तिने काही विचारले नाही, आम्ही काही सांगितले नाही. धार लावून दिली. अशा गोष्टी वर्तमानपत्रात येत नाहीत, त्यामुळे त्या घडतच नाहीत असे लोकांना वाटते.

आज ठिकठिकाणी बायकांसाठी शिलाईचे वर्ग चालतात, मशीन वाटपाचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. आमचे एकच म्हणणे आहे. त्या वर्गात एक दिवस धारेचा ठेवा. कात्री उघडायची कशी, काठ ओळखायचा कसा, पाते तापू द्यायचे नाही, मशीनला धुळीपासून वाचवायचे कसे, हे शिकवा. आणि शिकवायला एखादा जुना शिकलगार बोलवा, मानधन देऊन, खुर्चीवर बसवून, सगळ्यांच्याच पेल्यातून पाणी देऊन. असे लोक जळगावात आणि धुळ्यात अजून आहेत, फार दिवस राहणार नाहीत. मशीन मिळाली म्हणजे बाई आपल्या पायावर उभी राहिली असे आपण समजतो. तिचे हत्यार बोथट झाल्यावर ती कोणाच्या तोंडाकडे बघते, हेही एकदा पाहायला हवे.